होल्ड काढा, साहेब : सोलापूर जिल्ह्यातल्या बँक शाखाधिकाऱ्यांना खुलं पत्र

सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या शाखाधिकारी साहेबांनो, मॅडमनो,

स. न. वि. वि.

मी मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेला, उपसा सिंचनाच्या पाण्याची वाट बघून म्हाताऱ्या झालेल्या गावांपैकी एका गावात राहते. मारुतीच्या देवळामागं पत्र्याच्या खोलीत ग्राहक सेवा केंद्र चालवते. म्हणजे काम तुमचंच करते, फक्त एसीऐवजी पंख्याखाली बसून, तोही लाईट असली तर. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि दारावर बँकेचा बोर्ड. गाव मला 'बँकवाली वहिनी' म्हणतं. घरात मी सून आहे, चार एकर जिराईत असलेल्या घरातली. दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते कधी मशीनच्या अलीकडून आहे, कधी पलीकडून.

आधी चिठ्ठीची गोष्ट.

दिवाळीच्या तोंडावर सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, मोबाईलला मेसेज आला. सप्टेंबर २०२५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. तिकडं माढा-मोहोळला सीना नदी घरात शिरली, हायवे बंद पडला, जनावरं वाहून गेली. आमच्या गावाला नदी नाही, त्यामुळं टीव्हीवाले आले नाहीत. पण बाजरीची कणसं उभ्या ताटावर उगवली आणि तूर पाण्यात उभी राहून पिवळी पडली. त्याचं अनुदान आलं होतं, हेक्टरी ८,५०० रुपये. चार एकर म्हणजे १.६ हेक्टर, म्हणजे १३,६०० रुपये. आबांना वाचता येतं, तरी तो मेसेज त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

केंद्रात येऊन अंगठा ठेवला. शिल्लक दिसली. पैसे काढायला गेलो तर मशीन नाही म्हणालं. पुन्हा नाही. मी शिल्लकेची चिठ्ठी छापून त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून मंगळवेढ्याला शाखेत गेलो. कुठली शाखा ते लिहीत नाही, कारण शेजारच्या शाखेतून हेच ऐकून आलेली माणसंही माझ्याच बाकावर बसलेली असतात.

साहेबांनी स्क्रीन बघितली. "पीककर्ज थकीत आहे. होल्ड लागलाय."

मी म्हटलं, "साहेब, मदतीची रक्कम कर्जात वळती करायची नाही, असा आदेश असतो ना सरकारचा?"

"वळती कुठं केलीय? खात्यातच आहे की. फक्त होल्ड आहे."

बरोबर आहे. ताट वाढलेलं आहे, फक्त हात धरून ठेवलाय.

आबा काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि एसटी स्टँडवर येईपर्यंत एकच वाक्य म्हणाले, "वाफसा येईस्तोवर मिळतील काय गं?"

साहेब, तुमच्या टेबलावरून १३,६०० हा एक आकडा दिसतो, कर्जाच्या आकड्यापुढं लहान. आमच्याकडून त्यात 'वाफसा येईस्तोवर' हे शब्द दिसतात, म्हणजे रानाची ओल पेरणीजोगी होईस्तोवर. थेट खात्यात येणाऱ्या पैशानं शेतकऱ्याच्या घरात नक्की काय बदलतं, हे तुम्हाला कुणी बसून सांगितलेलं नसणार. लाभार्थ्याची मुलाखत घ्यायला येतात ते दोन मिनिटांत फोटो काढून जातात. म्हणून मी सांगते. जरा वेळ लागेल.

आमच्या घरात असा पैसा पहिल्यांदा आला तो २०१९ मध्ये. २०१८ चा दुष्काळ अंगावर होता. दोन बैलं आणि एक गाय चारा छावणीत नेऊन बांधली होती आणि आबा तिथंच, दावणीला लागून पोतं टाकून झोपत होते. छावणीनं जनावरं जगवली, ते मी कधी विसरणार नाही. पण छावणीत सगळं दुसऱ्याच्या हातात. चारा किती, पाणी कधी, पेंड आज आहे का उद्या. माणूस आपल्याच बैलाशेजारी पाहुण्यासारखा बसलेला. तेवढ्यात पीएम किसान सन्मान निधीचे २,००० रुपये आले. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेली, वर्षाला ६,०००, तीन हप्त्यांत. आबा बाजाराला गेले आणि संध्याकाळी काय घेऊन आले? सरकी पेंडीचं अर्धं पोतं आणि स्वतःला चप्पल.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खूप बोलल्या. जनावरं छावणीत अन् ह्यांना चपला सुचतायत. पण मी त्या आधीच्या चपलेला तारेनं आवळलेलं बघितलं होतं. दुष्काळात सरकार चारा देतं, टँकर देतं, रेशन देतं. चप्पल कुठल्या योजनेत बसत नाही. कुठल्याही साहेबाला यादी करायला सांगा, तो शंभर वस्तू लिहील आणि एकशे एकावी राहील. रोख पैसा त्या एकशे एकाव्या वस्तूसाठी असतो.

आबा स्वतः १९७२ चे साक्षीदार आहेत. तेव्हा तेरा वर्षांचे होते. खडी फोडायला जायचे, सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीवर दिवस काढले. त्या दुष्काळातूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांनी मांडलेली, आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. आबा तिला नाव ठेवत नाहीत. एवढंच म्हणतात की तेव्हा पोटाला मिळायचं ते मुकादमाच्या हजेरी-वहीतून यायचं आणि आता ते मोबाईलमधून येतं, मध्ये कुणाला रामराम घालावा लागत नाही. (तुमचा होल्ड लागेपर्यंत हे वाक्य खरं होतं.)

२०२३ पासून राज्यानं नमो शेतकरीचे वर्षाला ६,००० सुरू केले. दोन्ही मिळून १२,०००. महिन्याला हजार. पुण्यात असलेला माझा मावसभाऊ हे ऐकून हसला होता, म्हणाला, आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स याहून जास्त आहे. असेल. पण हजार रुपये किती असतात, ते कुठल्या आठवड्यात येतात यावर आहे.

आमच्याकडं पेरणीचे दिवस मोजून चार-पाच असतात. वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर पाहिजे. एकराच्या नांगरटीला आमच्या भागात २,००० घेतात, आणि ज्याच्या हातात रोख आहे त्याच्या रानात ट्रॅक्टर आधी जातो. ज्याची उधारी आहे त्याचा नंबर शेवटी लागतो, तोपर्यंत वरची ओल उडालेली असते. खताचंही तसंच. डीएपीची गोणी १,३५० ला. रोख टाकले तर गोणी उचलून आणता येते. उधारीवर मागितली तर वहीत लागते जास्त आणि वर 'लिंकिंग' म्हणून कसलंतरी बाटलीतलं औषध गळ्यात पडतं, जे वापरायचं कशाला ते दुकानदारालाही माहीत नसतं. आणि एकदा वहीत नाव लागलं की सुगीला ज्वारी खळ्यावरूनच त्याच्या गाडीत भरायची, तो म्हणेल त्या भावानं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आम्हाला आहेच. पण मालदांडी कितीही गोड असली तरी फाल्गुनात घाईनं विकली तर तिचा भाव घाईचाच मिळतो. सन्मान निधी सुरू झाल्यावर आमची दुकानातली वही आधी लहान झाली आणि नंतर बंद झाली. गेली चार वर्षं आम्ही ज्वारी घरात थांबवून विकली. त्यात जे वाढीव मिळालं ते सहा हजारांहून जास्त होतं, पण ते कुठल्याच योजनेच्या अहवालात येणार नाही.

दुसरी एक गोष्ट आमच्या घरातून गेली ती म्हणजे उचल, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेला पैसा. हे आणि मी लग्नानंतर तीन हंगाम ऊसतोडीला गेलो. उचल कधी घेतात? दिवाळीला नाही, जूनपासून पुढं घेतात, घरात दाणा नसतो आणि रानात बी टाकायचं असतं तेव्हा. मुकादम तेव्हाच येतो. वीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि पुढचे सहा महिने तुमचे नसतात. पोरगी आत्याबाईंकडं ठेवून मी फडात गेले आहे. थंडीत पहाटे तीनला कोयता हातात धरला आहे. ते बंद झालं यात माझ्या सेवा केंद्राच्या कमिशनचाही हात आहे, सगळं श्रेय सरकारी हप्त्याला देणार नाही. पण एका जूनमध्ये मुकादम दारात उभा असताना आबांच्या खात्यात २,००० पडले होते आणि आबा त्याला म्हणाले, "पेरणीचं भागतंय आमचं. चहा घे, बस." तो चहा पिऊन गेला.

आता माझ्या पैशाचं.

लाडकी बहीण जुलै २०२४ पासून. पहिले दोन महिन्यांचे ३,००० राखीपौर्णिमेच्या आधी जमा झाले. त्या दिवशी माझ्या केंद्रासमोर एवढी रांग होती की देवळातल्या भजनी मंडळानं चटया आणून दिल्या. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणून नमो शेतकरीही माझ्या नावावर नाही, म्हणून मला पूर्ण १,५०० मिळतात. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि नमोचा हप्ताही आहे, तिला ५०० मिळतात. नियमामागं काय हिशोब असेल तो असो, पण पारावर त्याचा अर्थ असा लागला की बाईच्या नावावर रान करून देण्यात तोटा आहे. एका भाऊबंदानं मला तोंडावर सांगितलं, "बरं झालं तुझं नाव नाही लावलं."

ह्यांना माझे पैसे मोटरसायकलच्या हप्त्याला पाहिजे होते. तीन महिने तिथंच गेले, खोटं कशाला सांगू. चौथ्या महिन्यापासून मी नाही म्हणाले. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना हे म्हणाले, "मग काय करणार आहेस त्याचं?" मी म्हटलं, शेळी. तीन महिन्यांचे साठवले आणि सांगोल्याच्या बाजारातून उस्मानाबादी पाट आणली. तिला जुळी झाली, एक बोकड, एक पाट. बोकड बकरी ईदच्या आधी विकला. त्यातून आत्याबाईंच्या मोतीबिंदूनंतरच्या चष्म्याचे आणि पोरीच्या स्कॉलरशिपच्या पुस्तकांचे भागले. उरलेले पाचशे डाळीच्या डब्यात होते.

गेल्या श्रावणात आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आत येत नाहीत ते. म्हणाले, "बाजाराला जायचं होतं. तीनशे असतील काय तुझ्याजवळ? हप्ता आला की देतो." लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांनी सुनेकडं पैसे मागितलेले मी आमच्या वाड्यावस्तीत बघितलेले नाहीत. मी डब्यातून काढून दिले. हप्ता आल्यावर त्यांनी परत दिले, सुट्ट्यासकट. मला ते घ्यायचे नव्हते, पण घेतले. नसते घेतले तर त्यांनी पुन्हा कधी मागितले नसते.

सगळ्या घरांत असंच झालं असं मी म्हणणार नाही. मशीनच्या पलीकडून मला सगळं दिसतं. पंधराशे काढून बाहेर पायरीवर उभ्या असलेल्या फायनान्सवाल्याच्या हातात देणाऱ्या बायका आहेत. गटाचा आठवड्याचा हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्या नऊजणींना बसवून ठेवतात. त्यांच्या हातात पैसा दोन मिनिटंही टिकत नाही. तरी त्या सांगतात की हप्त्याच्या आदल्या रात्री झोप लागते आता. एक म्हातारा आहे, त्याचा सन्मान निधी सरळ गुत्त्यात जातो. त्याचं मला वाईट वाटतं. पण सन्मान निधी नव्हता तेव्हाही तो पीतच होता, बायकोच्या मजुरीवर. आता निदान तिच्या पंधराशेला तो हात लावू शकत नाही, कारण अंगठा तिचा आहे.

बागाईतदार मंडळी म्हणतात, बायकांना फुकट पैसे मिळाले, आता खुरपणीला कुणी येत नाही. येतात की. दोनशेला येत नाहीत. आणि ज्याच्या बांधावर पाणी प्यायला वेगळा तांब्या ठेवतात, त्याच्याकडं येत नाहीत.

मी मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रात बी. ए. केलं आहे, तेव्हा वाचलेलं थोडं सांगते. मध्य प्रदेशात २०११-१२ ला सेवा या बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं गावातल्या प्रत्येक माणसाला, कुठलीही अट न घालता, महिन्याला रोख पैसे देऊन बघितले. मोठ्या माणसाला आधी २०० आणि नंतर ३००, लेकराला त्याच्या निम्मे. लोक आळशी झाले नाहीत. दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून स्वतःच्या रानात जास्त राबायला लागले. तिकडं केनियात, सियाया नावाच्या भागात, गिव्हडायरेक्टली या संस्थेनं दहा हजारांवर गरीब घरांना प्रत्येकी साधारण हजार डॉलर दिले आणि अभ्यासकांनी ६५३ गावांत फिरून त्याचं काय झालं ते मोजलं. ज्यांना पैसे मिळाले त्यांचं तर बरं झालंच, पण शेजारच्या ज्या घरांना काही मिळालं नव्हतं त्यांचीही आवक आणि खर्च वाढला, आणि महागाई नावालाच वाढली. मला केनिया माहीत नाही. पण आमच्या गावात शिलाई मशीनवाल्या बाईकडं आता श्रावणातही काम असतं आणि किराणावाल्यानं 'आज रोख उद्या उधार' ची पाटी काढून टाकली आहे, एवढं मी बघितलं आहे. पैसा गावात आला की दोन-चार घरं फिरल्याशिवाय बाहेर जात नाही.

रोख पैशानं सगळं होतं, असंही मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२३ ला बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता, २ रुपये मिळाले. चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. तिथं कुठला हप्ता पुरणार? सरकारनं नंतर क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे होती, आणि ज्यांची ई-पीक पाहणी झाली नव्हती ते तलाठ्याच्या दारात बसले. भाव आणि पाणी या दोन गोष्टी खात्यात जमा होत नाहीत.

आणि ज्यांचा सातबाराच नाही, त्यांच्यासाठी यातलं काहीच नाही. आमच्या वस्तीवरचा एक माणूस वीस वर्षं दुसऱ्याचं रान वाट्यानं करतो. पाऊस त्याच्या कष्टावर पडतो आणि अनुदान मालकाच्या खात्यावर. मालक सोलापुरात नोकरीला आहे. माणूस चांगला आहे, गेल्या वर्षी त्यानं निम्मे पैसे आणून दिले. पण तो चांगला आहे म्हणून दिले. ओडिशानं त्यांच्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही घेतले होते. हे तुमच्या हातात नाही, साहेब, मला कळतं. पण लिहायला बसलेच आहे तर लिहून ठेवते.

तुमच्या हातात काय आहे, ते आता सांगते.

अंगठा. ज्वारी काढणीला सुरुवात झाली की महिनाभर आमच्या बायकांची बोटं मशीन ओळखत नाही. ताटं उपटून-उपटून कातडी सोलवटलेली असते. मी खोबरेल ठेवते, ओलं फडकं ठेवते, दहाही बोटं करून बघते. तरी नाही झालं तर बाई परत जाते, दोन किलोमीटर चालत, आणि दुसऱ्या दिवशी परत येते. अशांना शाखेत सहीवर, ओळखीवर पैसे मिळायला पाहिजेत. शाखेत त्यांना सांगतात, "केंद्रावर जा."

आधार कुठल्या खात्याला जोडलाय ते कुणालाच माहीत नसतं. शेवटी ज्या बँकेनं जोडला तिथं पैसा जातो. एक आजी सात महिने म्हणत होती, मला हप्ता येत नाही. तालुक्याला चार चकरा झाल्या. शोधून काढलं तर सिमकार्ड घेताना तिच्या अंगठ्यावर कुणीतरी खातं उघडलेलं, सगळे पैसे तिथं सुखरूप. आजी म्हणाली, "माझ्या नावावर आणखी काय-काय आहे बघ बाई, एखादं रान असलं तर बरं." हसलो सगळे. पण त्या सात महिन्यांत तिनं रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड खाल्ल्या होत्या.

आणि होल्ड.

हिशोब मांडते, तुम्ही हिशोबाची माणसं आहात. पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, सरकार भरतं. आबांनी बारा वर्षं वेळेत भरलं, तुमच्या खात्यात बघा. २०२३ ला पावसानं ओढ दिली आणि ८०,००० चं कर्ज थकलं. बुडवायचं नव्हतं. यंदाची तूर निघाली की निम्मं भरायचं ठरलं होतं, ती तूर पाण्यात गेली. तिचंच अनुदान तुम्ही धरून ठेवलंत. नंतर रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी १०,००० आले, १६,००० रुपये, तेही त्याच खात्यात, त्याच कुलपात. एकूण २९,६०० तुमच्याकडं.

वाफसा तर थांबला नाही. मी गावातल्या एकाकडून १५,००० घेतले, शेकडा तीननं. शेकडा तीन महिन्याला, साहेब. ४५० रुपये महिना. तुम्ही आमच्या अडकलेल्या पैशावर बचत खात्याचं व्याज देता, वर्षाला तीन टक्केसुद्धा नाही. म्हणजे आमचेच पैसे आमच्या खात्यात पडून आहेत आणि मी बाहेरून त्याच्या निम्म्याएवढं कर्ज बारापटीहून जास्त व्याजानं घेऊन ज्वारी पेरली. या ज्वारीतून आधी सावकाराचं जाणार. मग तुमचं. होल्ड नसता तर आधी तुमचं गेलं असतं.

कर्जमाफीचा पैसा घरात येत नाही, तो तुमच्याकडच्या एका खात्यातून दुसऱ्यात जातो. दीड लाखाची झाली, दोन लाखांची झाली, गावानं फक्त यादीत नावं बघितली. तक्रार नाही, डोक्यावरचं ओझं उतरतंच. पण अनुदानाचा पैसा वेगळा आहे. तो पुन्हा उभं राहण्याचा आहे. त्याला कर्जाच्या रांगेत उभं करू नका.

मंगळवेढ्याचा माणूस दामाजीपंतांचं नाव घेतल्याशिवाय सरकारदरबारी अर्ज करत नाही, तर मीही घेते. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे इथले अधिकारी. आजच्या भाषेत शाखाधिकारीच म्हणा. दुष्काळात लोक मरायला लागले तेव्हा त्यांनी कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं, अधिकारही नव्हता. पुढं विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं बादशहाचे पैसे भरून पावती आणली, अशी कथा आहे. तुम्हाला एवढं काही करायचं नाही. कोठार तुमचं नाही, धान्यही तुमचं नाही, आणि भरपाई आधीच सरकारनं भरलेली आहे. फक्त कीबोर्डवरची दोन-तीन बटणं दाबायची आहेत. विठ्ठलाला त्रास नको.

म्हणून विनंती करते. सन्मान निधी, नमो, लाडकी बहीण, अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, यातला जो पैसा सरकारकडून आला असं तुमच्या स्क्रीनवर दिसतं, त्यावरचा होल्ड आजच्या आज काढा आणि पुढं लावू नका. 'वरून सिस्टीमच लावते' असं सांगितलं जातं, तर वरच्यांना तसं लेखी कळवा आणि त्याची एक प्रत शाखेच्या बोर्डावर लावा, म्हणजे आम्हाला कुणाकडं जायचं ते कळेल. कर्जाबद्दल बोलायचं असेल तर आबांना बोलवा, ते येतील. सुगीनंतर बोलवा.

वेळ अमावास्येला आम्ही रानात गेलो होतो. ज्वारी कमरेला लागलीय, यंदा ओल चांगली आहे. आबांनी बाजरीचे उंडे आणि भज्जीचा नैवेद्य पांडवांना दाखवला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. काय मागितलं ते विचारलं नाही.

दर सोमवारी ते केंद्रावर येतात. रांगेत बसतात, सुनेचं केंद्र म्हणून पुढं येत नाहीत. नंबर आला की बोट पुसून मशीनवर ठेवतात. मी शिल्लक वाचून दाखवते. ते विचारतात, "निघतील?" मी सांगते, "आज नाही." पहिले काही सोमवार मी दर वेळी चिठ्ठी छापून देत होते. आता नाही छापत, कागद संपतो आणि दिवाळीतली ती पहिली चिठ्ठी त्यांच्याजवळ आहेच.

आज सोमवार आहे. बाहेर पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला.

आपली,
एक ग्राहक सेवा केंद्रचालक,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर